चौकटीची निवड



वसंत व्याख्यानमालेत संगणकाचा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. त्यांना एवढेच सांगतो की, जावा भाषेतील एका विख्यात फ्रेमवर्कचे नावच 'स्प्रिंग', म्हणजे वसंत, असे आहे. आधीच्या बोजड पद्धतीचा हिवाळा सरला, अशा अर्थाने ते ठेवले गेले.

फ्रेमवर्क म्हणजे चौकट. घर बांधणारा गवंडी विटा स्वतः भाजीत बसत नाही. तद्वत नोंदी साठविणे, परवलीचा शब्द तपासणे ही नित्याची कामे प्रोग्रॅमरला चौकटीतून तयार मिळतात. पायथॉनमध्ये जँगो आहे, रुबीत रेल्स, पीएचपीत लाराव्हेल. यांतली वेगवान कोणती, असे तरुण मंडळी मला विचारतात. तालुक्याच्या पतसंस्थेत दिवसाला काही शे नोंदी झाल्या, तरी यांतली कोणतीही त्यांना पुरून उरेल. मग पाहायचे काय?

आपल्या गावाचे नाव घ्या. 'सोनपेठ' यात आपण चार अक्षरे मोजतो. आजची पायथॉन सहा सांगते, कारण ओकार-एकाराची चिन्हे ती निराळी धरते. पीएचपीची साधी मोजणी १८ सांगते, कारण ती बाइट मोजते, आणि यूटीएफ-८ या संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. स्विफ्ट भाषा मात्र आपल्यासारखी चारच सांगते. खोटे कोणीच बोलत नाही. पण दहा बाइटांवर कातरी चालवली, तर 'सोन' उरते आणि त्यापुढे एक फुटके चिन्ह!

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका पतसंस्थेच्या पावत्यांवर माझ्याच हातून सभासदांची नावे अशी तुटली होती. एका आजींनी अंगठा उठवायला साफ नकार दिला. "हे नाव माझं न्हाई," म्हणाल्या. त्यांचे बरोबर होते. पीएचपीत अक्षरे नीट मोजण्याची साधनेही आहेत. ती मी वापरली नव्हती. जी चौकट ती आपणहून वापरते, ती मला अधिक जवळची वाटते.

दुसरी गोष्ट आयुष्याची. अँग्युलरजेएस एके काळी घरोघरी होती. २०१६ साली तिची नवी आवृत्ती इतकी निराळी आली की जुने काम तिच्यात सहज बसेना, आणि २०२२ च्या प्रारंभी जुनीची अधिकृत देखभाल थांबली. पायथॉनची दुसरी आवृत्तीही १ जानेवारी २०२० पासून अशीच निवृत्त झाली. संस्थेची खातेवही मात्र चाळीस वर्षे चालते.

म्हणून मुंबईत रुषभ मेहता यांच्या मंडळींनी पायथॉनवर उभारलेली 'फ्रॅपे' मला विचार करण्याजोगी वाटते. तिचा कोड खुला आहे; करणारा उद्या दूर गेला, तरी दुसऱ्याला तो उघडून वाचता येतो. तो दुसरा परभणीला किंवा परळीला भेटतो का, याची चौकशी आधी करावी. नसेल, तर जी भाषा जाणणारी दोन मुले गावात आहेत, तिच्यातली चौकट घ्यावी, मग ती जुन्या वळणाची का असेना. आणि पहिली चाचणी 'सोनपेठ' या नावावरच घ्यावी.