घाट चढण्याआधीचा थांबा



बक्षिसं मिळवणाऱ्यांचं अभिनंदन. रंगमंचावर न येता मागे पडदे ओढणाऱ्यांचं आणि कपडे सांभाळणाऱ्यांचंही. पाहुण्यांनी ध्येय आणि परीक्षा यांवर बोलावं अशी रीत आहे. पण ते काम तुमचे सर आणि बाई वर्षभर करतातच. म्हणून मी आज मौजेवर बोलणार आहे. तीही सुट्टीतल्या नव्हे, भर कामाच्या आठवड्यातल्या.

तुम्ही पळसदरीची मुलं. चढ म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. 1863 साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून हा घाट गाड्यांचा कस पाहतोय. पुण्याकडे निघालेल्या बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडतात. तेवढ्या वेळात प्रवासी उतरून दिवाडकरांचा गरम वडा घेतात. थांबा इंजिनासाठी असतो, पण वड्याची चव त्यामुळे कमी होत नाही. वडा खायला कोणी रजा काढत नाही. आठवड्यातली मौजही अशीच कामाच्या फटीत बसवायची असते.

इथले कितीतरी पालक रोज लोकलने मुंबईला जातात. कर्जत ते सीएसएमटी शंभर किलोमीटर. एकेका फेरीला दोन तास. मध्य रेल्वेच्या डब्यांतली भजनी मंडळं याच वेळात रंगतात. टाळ निघतात, रूपाचा अभंग होतो, मग गवळण. नोकरीचं ओझं कमी झालेलं नसतं, पण तेवढा वेळ साहेबाचा नसतो, स्वतःचा असतो.

आता तर पोपटीचे दिवस आहेत. भात कापल्यावर त्याच शेतात वाल पेरायचा, थंडीत शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्यात शेंगा, बटाटे, मीठ, ओवा भरायचा आणि मडकं उपडं करून जाळ लावायचा, की झाली पोपटी. याला लागतं काय? एक संध्याकाळ आणि चार मित्र. पावसाच्या तोंडावर बाजारात शेवळं येतात, तेव्हा ती निवडायला आईजवळ बसा. फाल्गुनात पळस फुलला की शाळेत येताना मान वर करून बघा. याला पैसे पडत नाहीत.

तुम्ही म्हणाल, करमणुकीला मोबाइल आहे की! आहे, माझ्याही खिशात आहे. पण एक फरक बघा. अभंग संपतो, मडकं रिकामं होतं, गोष्ट शेवटाला येते. रील संपतच नाही, म्हणून मन भरत नाही. जी मौज संपते तीच तृप्त करते, आणि ती बहुधा कोणाच्या तरी सोबतीने होते.

वाचनाचंही तेच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने 1909 साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली. ती शंभर वर्षं ओलांडून अजून चालू आहे. अख्खा अंक एका बैठकीत संपवायची गरज नाही. आठवड्याला एक कथा वाचलीत तरी एक अंक होळीपर्यंत सहज पुरतो.

मित्रांनो, अभ्यास करा, मोठे व्हा, घाट चढा. पण सगळं झालं की मग मजा करू, असं म्हणत बसू नका. सगळं कधीच होत नाही. उद्या घरच्या वेळापत्रकात गणित आणि विज्ञानाच्या मधे अर्धा तास आपल्या आवडीच्या गोष्टीसाठी लिहून ठेवा: पेटी, चित्र, कथा, काहीही. आणि पालकहो, तुम्हाला एकच विनंती. त्या अर्ध्या तासात “अभ्यास झाला का?” असं विचारू नका. जमलं तर शेजारी येऊन बसा.