पोकेमॉन आणि उत्तम वाण



विषयाच्या नावात ‘पोकेमॉन’ हा शब्द पाहून काही वडीलधाऱ्या मंडळींनी आपली नातवंडे बरोबर आणली आहेत, असे दिसते. हे उत्तम झाले. आमच्या बोलण्यात जे दुर्बोध वाटेल त्याचा खुलासा घरी गेल्यावर त्यांच्याकडून करून घेता येईल.

मात्र हा विषय केवळ पोरासोरांचा नव्हे. माणसाने पहिले जनावर माणसाळवले त्या दिवसापासून ‘कोणते पिल्लू ठेवावे आणि कोणते काढून टाकावे’ हा प्रश्न त्याच्या मागे लागला आहे. मेंढा निवडताना धनगराला तो पडतो, वळू निवडताना शेतकऱ्याला पडतो. जपानात तयार झालेल्या एका खेळाने हाच प्रश्न शाळकरी मुलांच्या हातात दिला. आणि धनगराला ज्याचे फळ पाहण्यास उभा जन्म लागतो ते त्या मुलांना आठवड्याभरात दिसू लागले. त्यातून जे निघाले ते मनोरंजक आहे, आणि थोडे अस्वस्थ करणारेही आहे.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. तोक्योच्या परिसरातील माचिदा येथे सातोशी ताजिरी हा मुलगा किडे पकडण्याच्या छंदात वाढला. पुढे शहर पसरले, डबकी बुजली, किडे नाहीसे झाले. छंद मात्र गेला नाही. त्याने उभारलेल्या गेम फ्रीक या संस्थेने 1996 च्या फेब्रुवारीत निन्तेंदोच्या ‘गेम बॉय’ या तळहातावर मावणाऱ्या यंत्रासाठी हा खेळ काढला. रानावनात हिंडावे, चित्रविचित्र प्राणी पकडावेत, त्यांना तयार करून झुंजवावे, आणि दोन यंत्रे तारेने जोडून मित्राशी प्राण्यांची अदलाबदल करावी, असा त्याचा थाट. त्यात पैदास नव्हती. ती 1999 च्या नोव्हेंबरात ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या पुढच्या खेळांतून आली. प्राण्यांत नर-मादी असा भेद आला, आणि एका म्हाताऱ्या जोडप्याच्या पाळणाघरात दोन प्राणी ठेवून येण्याची सोय झाली. त्यांचे जमले, तर काही काळाने म्हातारबुवा अंडे हातात देतात. हे कोठून आले म्हणून विचाराल, तर त्यांनाही ठाऊक नसते! लहान मुलांच्या खेळात याहून अधिक खुलासा कोण करणार?

आता पोटातले गणित पाहू. प्रत्येक प्राण्याला सहा गुण असतात: प्राणशक्ती, हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव आणि वेग. 2002 सालच्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’ या खेळांपासून प्रत्येक गुणामागे जन्मतःच शून्य ते एकतीस यांपैकी एक आकडा चिकटलेला असतो. एकाच जातीच्या, एकाच वयाच्या दोन प्राण्यांत जो उपजत फरक दिसतो त्याचे बरेचसे मूळ या आकड्यांत आहे. खेळाच्या पडद्यावर ते लिहिलेले नसतात. खेळणाऱ्यांनी उलटा हिशेब करकरून ते शोधून काढले. आम्ही त्यांना जन्मगुण म्हणू. सहाही गुणांत एकतीस असलेला प्राणी रानात आपोआप सापडायचा, तर ती शक्यता 1,07,37,41,824 मध्ये एक! हे भाग्य कोणाच्या वाट्याला यावयाचे? तेव्हा पैदास करणे आलेच.

आईबापांचे गुण पिल्लात उतरतात, पण सगळे नव्हे. पूर्वी सहांपैकी फार तर तीन गुण आईबापांकडून येत, उरलेले दैवाधीन. 2013 च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’ या खेळांत मात्र एका जुन्याच वस्तूला नवे सामर्थ्य मिळाले. ‘डेस्टिनी नॉट’ नावाचा हा लाल दोरा. दैवाची गाठच म्हणा. जोडप्यापैकी एकाजवळ तो असला की सहांपैकी पाच गुण आईबापांकडून येतात. कोणते पाच, आणि त्यांतला कोणता आईचा व कोणता बापाचा, हे मात्र नशिबावर. समजा, आईचे तीन गुण उत्तम आहेत आणि बापाचे दुसरे दोन. पंधरा-वीस अंड्यांतून एखादे पिल्लू चार उत्तम गुण घेऊन येते. लगेच आईला किंवा बापाला बाजूस सारून त्या पिल्लाला त्या जागी बसवायचे. पुन्हा अंडी, पुन्हा निवड. असे करत सहाही गुण एकतीसचे असलेले जोडपे हाती आले, की पाच गुण तर हमखास उतरतात, आणि सहावा एकतीस येण्याची शक्यता बत्तिसांत एक राहते. कोठे एकशे सात कोटी आणि कोठे बत्तीस! निवडीचे सामर्थ्य समजावून देण्यास याहून सोपे उदाहरण आम्हांला तरी माहीत नाही.

याखेरीज पंचवीस प्रकारचे स्वभाव आहेत. बहुतेक स्वभाव एक गुण दहा टक्क्यांनी वाढवतात आणि दुसरा तितकाच घटवतात. आपल्याला हवा तोच स्वभाव उतरावा म्हणून त्या स्वभावाच्या आईला किंवा बापाला ‘एव्हरस्टोन’ नावाचा दगड धरावयास देतात.

जात आईची, हा या खेळाचा सर्वसाधारण नियम. बापाकडून गुण येतात, आणि आपल्या जातीला एरवी न येणारी एखादी विद्याही येते. कोणाचे कोणाशी जमते, याचे गट ठरलेले आहेत, आणि त्या गटांत मोठ्या गमती आहेत. वेलॉर्ड हा देवमासा साडेचौदा मीटर लांब आणि स्किटी हे मांजराचे पिल्लू दोन फुटांचे. पण गट एक असल्यामुळे म्हातारबुवा दोघांच्या संसारातून अंडे काढून देतात. डिट्टो नावाचा एक लिबलिबीत गोळा आहे. ज्यांची म्हणून पैदास होते त्या जवळजवळ सर्वांशी त्याचे जमते, फक्त दुसऱ्या डिट्टोशी जमत नाही. आणि सगोत्राचे काय, असे येथील वयोवृद्ध विचारतील. 1999 च्या खेळात तोही विचार केलेला होता. दोन प्राण्यांचे काही जन्मगुण ठरावीक रीतीने जुळले, तर ते जवळचे आप्त असावेत असे धरून पाळणाघरात अंडे मिळत नसे. 2002 मध्ये हे बंधन गेले. तेव्हापासून भावाबहिणींची, मायलेकरांची जोडी लावली तरी वंशाला काही बाध येत नाही. खरी जनावरे पाळणाऱ्याला जवळच्या रक्ताची जी धास्ती बाळगावी लागते ती येथे नाही, आणि म्हणूनच काम इतके झपाट्याने होते.

झपाट्याने म्हणजे अर्थात धनगराच्या मानाने. अंडे फुटते ते पावले मोजून. मॅजिकार्प हा मासा सुमारे तेराशे पावलांत बाहेर येतो, तर ड्रॅटिनी या सर्पाला दहा हजारांच्या घरात चालावे लागते. अंगात आग असलेला एखादा प्राणी बरोबर असला तर उबेने वेळ निम्म्यावर येतो. तेव्हा एक आगीचा प्राणी आणि पाच अंडी अशी सहांची तुकडी करून मुले त्या चित्रातल्या सायकलीवर एकाच रस्त्याने तासन्‌तास जा-ये करतात. याला जपानी खेळाडूंचा शब्द आहे ‘गेन्सेन’, म्हणजे कठोर निवड. एक मनासारखा प्राणी साधेपर्यंत शंभर शंभर पिल्ले जमतात. त्यांचे काय होते? त्यांना रानात सोडून देतात. एक कळ दाबली की झाले. काही सहृदय मुले ती पिल्ले 2013 साली निघालेल्या ‘वंडर ट्रेड’ या सोयीतून जगात कोठल्या तरी अनोळखी मुलाकडे पाठवू लागली, आणि नुकताच खेळू लागलेल्या एखाद्या पोराच्या हाती पाच गुण एकतीसचे असलेले ‘टाकाऊ’ पिल्लू पडू लागले. हा प्रकार आम्हांला फार आवडला.

पण ज्या एकतीससाठी हा सारा खटाटोप चालतो त्याची किंमत तरी किती? शंभराव्या, म्हणजे अखेरच्या पातळीवर एकतीस हा जन्मगुण त्या गुणात बरोबर एकतीसची भर घालतो. दोन सारख्या प्राण्यांची झुंज असली तर एका अंकानेही कोण आधी वार करणार हे ठरते. एवढ्यापुरते त्याचे महत्त्व आहे. आता दुसरा आकडा ऐका. झुंजी देऊन, सराव करून प्राणी जे कमावतो त्याचा वेगळा हिशेब हा खेळ ठेवतो. जपानी खेळाडू त्याला ‘दोर्योकुची’ म्हणतात. प्रयत्नमूल्य, असा त्याचा सरळ अर्थ. पूर्ण प्रयत्न एका गुणावर लावला तर त्याच शंभराव्या पातळीवर तो त्रेसष्टची भर घालतो. एकतीस जन्माचे आणि त्रेसष्ट प्रयत्नाचे! प्रयत्नाचा वाटा जन्माच्या दुपटीहून अधिक, असे खेळ रचणाऱ्यांनी ठरवून ठेवले आहे. आणि तरीही मुले शंभर पिल्ले सोडून देतात ती एकतीसवर नजर ठेवून. प्रयत्न सर्वांनाच करता येतो, म्हणून त्याचे कोणाला अप्रूप नाही.

बरे, एकतीस म्हणजे उत्तम, हेही सर्वत्र खरे नाही. ‘ट्रिक रूम’ नावाचा एक डाव आहे. तो टाकला की काही फेऱ्या सगळे उलटे होते; जो मंद तो आधी वार करतो. या डावासाठी प्राणी तयार करणारे वेगाच्या खान्यात एकतीस आला तर पिल्लू टाकून देतात आणि शून्याची वाट पाहत बसतात. तेच पिल्लू, तोच आकडा. एकाच्या दारात रत्न आणि शेजाऱ्याच्या दारात कचरा. तेव्हा वाण उत्तम की हीन, हे वाणात नसते. निवडणाऱ्याला ते कशासाठी हवे आहे, यात असते. फ्रान्सिस गाल्टनने 1883 साली माणसांच्या सुप्रजननाच्या कल्पनेला नाव दिले, आणि 1933 साली जर्मनीत सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. तेथे माणसाचा ‘उपयोग’ कोणी ठरवला, हा प्रश्न विचारण्याचीही सोय उरली नाही. खेळातल्या पिल्लाला कोणी विचारत नाही, ते ठीक आहे. माणसाचे तसे नाही, एवढे बरोबर आलेल्या मुलांना सांगून पुढे जाऊ.

एका खारीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पाचिरिसू ही विजेची खार दिसायला गोड, पण झुंजीत तिला कोणी विचारत नसे. 2014 साली वॉशिंग्टन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्क यांनी ती मैदानात उतरवली. तिचे काम मारण्याचे नव्हतेच. ‘फॉलो मी’ या विद्येने ती शत्रूचे वार आपल्या अंगावर ओढून घेई, आणि तेवढ्यात तिचा बलाढ्य जोडीदार आपला डाव साधी. पार्क विजेते झाले. आमच्या विषयाशी जुळणारी गोष्ट अशी की ही विद्या त्या खारीला वय वाढून येत नाही. ती अंड्यातून, वारशानेच यावी लागते. म्हणजे पैदास येथेही होती. मात्र ती केवळ मोठा आकडा शोधत नव्हती, एक काम शोधत होती.

2016 च्या ‘सन’ आणि ‘मून’ या खेळांत ताजिरी यांच्या संस्थेने नियम सैल केला. प्राणी शंभराव्या पातळीला पोचला की बाटलीचे रुपेरी झाकण देऊन त्याचा एक गुण, आणि सोनेरी झाकण देऊन सहाही गुण, एकतीस असल्यासारखे करून घेता येतात. 2022 च्या खेळांत तर पन्नासावी पातळीच पुरे झाली. 2019 पासून पुदिन्याचे पान चारून स्वभावाचा परिणामही बदलता येतो. जुने पैदासकार यावर कुरकुरले. ज्यासाठी आम्ही हजारो मैल सायकल मारली ते आता झाकणावर मिळते, अशी त्यांची तक्रार. तिच्यात तथ्य नाही असे नाही. पण खेळाच्या पहिल्या गावात मिळालेला, सगळी वाट बरोबर चाललेला जो सोबती केवळ जन्मतः वेगाला सात घेऊन आला म्हणून पेटीत पडून होता, तो यामुळे मैदानात उतरू शकला. आणि आम्ही त्या सोबत्याच्या बाजूचे आहोत.

येथे एक बारीक गोष्ट आहे, ती लक्षात ठेवावी. झाकणाने मिळवलेले एकतीस हे त्या प्राण्यापुरतेच असते. त्याला पाळणाघरात ठेवले, तर त्याच्याकडून पिल्लात उतरतो तो जुना सातच. ते पिल्लू हाती आले, की त्याच्या मालकापुढे पुन्हा दोन वाटा असतात: कळ दाबून त्याला रानात सोडायचे, किंवा बरोबर घेऊन निघायचे.