भाडे उतरत असता घर घ्यावे काय?



विवाह व शिक्षण या विषयांवर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले गेले आहे. आज आम्ही एका रुक्ष विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. निवृत्तीची पुंजी हाती आली, अथवा नीरा डाव्या कालव्याखालची जमीन विकली, की बारामतीत एखादी सदनिका घ्यावी आणि तिच्या भाड्यावर उतारवय काढावे, असा विचार आपल्या अनेक घरांत चालतो. विचार वाईट नव्हे. परंतु त्यामागे हिशेब क्वचितच असतो.

प्रथम भाडेकरू कोठून येतो ते पाहावे. बारामतीत १९६२ साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले, १९७२ साली विद्या प्रतिष्ठान स्थापन झाले, २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. औद्योगिक वसाहतीने कामगार आणले. या संस्थांच्या पाठोपाठ भाडेकरू आला. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर येथे शेठ वालचंद हिराचंद यांनी कारखान्याबरोबर वसाहतही वसविली. जेथे मालकच राहावयास घर देतो, तेथे इतरांच्या घरास भाडेकरू कोठून मिळणार? महाविद्यालयाने नवे वसतिगृह बांधले तरी हेच घडते.

आणि मार्च २०२० मध्ये काय झाले? टाळेबंदी आली, महाविद्यालये बंद पडली, विद्यार्थी आपापल्या गावी गेले. खोल्या रिकाम्या राहिल्या. बँकेचा हप्ता मात्र घरमालकाच्या मानेवर राहिला. एकाच जातीच्या भाडेकरूवर विसंबणे किती धोक्याचे, हे त्या वर्षाने शिकविले.

आता थोडे अंकगणित. उदाहरणादाखल ३० लाखांची सदनिका दरमहा ८,००० रुपयांनी दिली असे धरू. बारा महिन्यांचे ९६,००० होतात. पण घर दोन महिने रिकामे राहील असे गृहीत धरून ८०,००० च मोजावेत. कर, देखभाल व दुरुस्ती यांचे १५,००० वजा जाता उरले ६५,०००. शेकडा सव्वादोनही पडत नाहीत! बँकेतील मुदत ठेव याहून अधिक देते. त्यातच २० लाखांचे कर्ज शेकडा ९ दराने वीस वर्षांसाठी काढले, तर हप्ता दरमहा सुमारे १८,००० रुपये. भाडे आठ हजार, हप्ता अठरा हजार. उरलेले दहा हजार कोणाच्या ताटातून काढावयाचे?

किंमत वाढेल, असे उत्तर मिळते. वाढेलही, परंतु भाडे उतरत असता किंमत चढतच राहील, या आशेवर घर घेणे हा संसार नव्हे, सट्टा होय. अशा वेळी विकणाऱ्याशी घासाघीस करावी आणि भाव भाड्याच्या हिशेबात बसेल तरच व्यवहार करावा.

ज्यांचे घर आधीच आहे, त्यांस दोन गोष्टी सांगू. भाडेकरू पाचशे रुपये कमी मागत असेल, तर वर्षाचे नुकसान ६,००० चे. हट्टाने एक महिना घर रिकामे ठेवले, तर ८,००० चे. चांगला भाडेकरू राखावा. दुसरी गोष्ट, करार लेखी करून नोंदवावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल आणि तंटा झाला, तर घरमालक उलट सिद्ध करीपर्यंत अटींविषयी भाडेकरूचे म्हणणेच ग्राह्य धरले जाते. ओळखीचा माणूस आहे म्हणून कागद टाळू नये.

आपल्या ज्ञातीत अशा भगिनी आहेत, ज्यांचे एका खोलीच्या भाड्याखेरीज दुसरे उत्पन्न नाही. त्यांच्यासाठी आम्ही हे विशेष आग्रहाने सांगतो. पाण्याखालची जमीन एकदा गेली की परत येत नाही. तिच्या बदल्यात घेतलेल्या भिंती दरमहा काय देतील, हे सही करण्यापूर्वी घरातील स्त्रियांसह सर्वांनी बसून कागदावर मांडावे, एवढीच आमची विनंती आहे.