कुठलं पाव्हणं?

आपल्या कोल्हापूर भागात नवा माणूस दिसला, की पारावरचं कुणीतरी हमखास विचारतं, "कुठलं पाव्हणं?" इंग्रजीत अनोळखी शब्द भेटला की मीही त्याला हेच विचारतो. आज अशाच काही पाव्हण्यांची गावं सांगणार आहे.

पहिला शब्द 'जॅगरी', म्हणजे आपला गूळ. हंगामात गुऱ्हाळावर जरा उभे राहा. काहिलीत रस खदखदत असतो, भेंडीच्या पाण्यानं वर आलेली मळी काढली जाते. गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी होते का बघतो, आणि मग काहील वाफ्यात रिकामी होते. या कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या इंग्रजी नावाचं मूळ आहे संस्कृत 'शर्करा'. शर्करा म्हणजे मुळात बारीक खडे. हा शब्द दक्षिणेत उतरला, तिथल्या भाषांतून पोर्तुगीजांनी उचलला आणि इंग्रजीत 'जॅगरी' झाला. तीच शर्करा इराणकडे गेली. फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर' आणि पुढं लॅटिन, फ्रेंच करत इंग्रजीत 'शुगर' झाली. म्हणजे जॅगरी आणि शुगर सख्ख्या बहिणी. एक गलबतात बसून गेली, दुसरी इराण-अरबस्तानाच्या वाटेनं. मुलांची 'कँडी'सुद्धा आपल्या 'खंड' शब्दाची, म्हणजे तुकड्याची, नात लागते.

दुसरा पाव्हणा 'मंगूस'. त्याच्या शेवटी 'गूस' ऐकू येतो. 'गूस' म्हणजे हंसबदक, त्याचं अनेकवचन 'गीस'. म्हणून मुलं 'मंगीस' लिहितात आणि चुकतात. बरोबर रूप 'मंगूसेस', कारण या शब्दाचा बदकाशी काही संबंध नाही. उसाच्या फडातून सळकन जाणारं मराठी 'मुंगूस'च ते! मूळ कळलं की नियम पाठ करावा लागत नाही.

तिसरा शब्द 'हॉब्सन-जॉब्सन'. कोल्हापुरात मोहरमला पंजे बसतात, हिंदू-मुसलमान मिळून सवारीपुढं चालतात. "या हसन, या हुसेन" हा मातमाचा पुकारा गोऱ्या सोजिरांच्या कानी पडला आणि त्यांच्या तोंडी 'हॉब्सन-जॉब्सन' झाला. हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा मोठा कोश हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी रचला. तो १८८६ साली निघाला, आणि त्याला हेच नाव दिलं गेलं.

इंग्रजांच्या फौजेतल्या आपल्या शिपायांनीही तेच केलं. पहाऱ्यावरच्या "हू कम्स देअर?" या हाकेचं त्यांनी "हुकुमदार!" करून टाकलं. कान ज्याचा त्याचा, जीभ ज्याची त्याची. परका शब्द ओळखीचा करून घ्यायची माणसाची धडपड मात्र दोन्हीकडे सारखीच.

पालकांना आणि शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. मोठ्या इंग्रजी कोशात अर्थाच्या जोडीला शब्दाचं मूळही छापलेलं असतं. तेवढी ओळ मुलांना रोज एका शब्दापुरती वाचून दाखवा. गुऱ्हाळावर राबणाऱ्याचं पोर वर्गात 'जॅगरी' शब्दाला बिचकतं, तेव्हा त्याला सांगा, "बाळा, याचं आजोळ आपल्याकडचंच आहे." मग ते पोर पुढच्या शब्दाला स्वतःहून विचारेल, "कुठलं पाव्हणं?"