खोटे ठरण्याची तयारी : कार्ल पॉपर ह्यांचा विज्ञानविचार
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



आज ज्या विचारवंताविषयी बोलावयाचे आहे, त्यांची गणना विसाव्या शतकातील अग्रगण्य विज्ञानतत्त्वज्ञांत होते. परंतु त्यांनी आपला मुख्य ग्रंथ लिहिला तेव्हा ते विद्यापीठातील प्राध्यापक नव्हते. व्हिएन्ना शहरातील शाळेत ते मुलांना गणित व पदार्थविज्ञान शिकवीत होते आणि शाळेतून उरलेल्या वेळात लिहीत होते. त्यांच्या पत्नीही शिक्षिकाच. हस्तलिखिते टंकलिखित करण्याचे कष्ट त्यांनीच उपसले. ही गोष्ट तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतून बहुधा राहून जाते, म्हणून ती आरंभीच सांगितली.

कार्ल पॉपर ह्यांचा जन्म २८ जुलै १९०२ रोजी व्हिएन्ना येथे एका वकिलाच्या घरी झाला. घरात ग्रंथ पुष्कळ होते. पहिल्या महायुद्धानंतर चलन कोसळले आणि घरची सुस्थिती ओसरली. सोळाव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली. पुढे काही काळ ते एका सुताराच्या हाताखाली लाकडी सामान करावयास शिकले. हा वृद्ध कारागीर, आपणांस सर्व काही ठाऊक आहे, वाटेल ते विचारा, असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगत असे. ज्ञान म्हणजे काय ह्याविषयी अन्य कोणत्याही गुरूपेक्षा आपण ह्या सुताराकडून अधिक शिकलो, असे पॉपर ह्यांनी उतारवयात आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्यातील मिस्किलपणा आपल्या ध्यानात येईलच.

त्यांच्या विचारास वळण लागले ते १९१९ साली. त्या वेळी ते प्रख्यात मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड आडलर ह्यांच्या बालमार्गदर्शन केंद्रात काम करीत होते. एकदा त्यांनी आडलर ह्यांना एका मुलाची हकीकत सांगितली. आडलर ह्यांनी त्या मुलास पाहिलेलेही नव्हते. तरी न्यूनगंडाच्या आपल्या उपपत्तीने त्यांनी तत्काळ उलगडा केला. इतकी खात्री कशी, असे तरुण पॉपरने विचारले. हजार वेळांच्या अनुभवामुळे, असे उत्तर मिळाले. तेव्हा, आता हा अनुभव एक हजार एक वेळांचा झाला म्हणावयाचा, असे पॉपर उत्तरले. एक मनुष्य मुलाला बुडविण्यासाठी पाण्यात ढकलतो, दुसरा त्याला वाचविण्यासाठी प्राण देतो. दोघांच्याही कृतीचे मूळ ह्या उपपत्तीस न्यूनगंडातच सापडते. जिच्या विरुद्ध जाईल असे मानवी वर्तनच उरत नाही, ती उपपत्ती नेमके सांगते तरी काय?

त्याच वर्षी, २९ मे १९१९ रोजी, खग्रास सूर्यग्रहण झाले. सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश किती वाकेल ह्याचा आकडा आइन्स्टाइन ह्यांनी आधीच सांगून ठेवला होता. अंशाचा ३,६०० वा भाग म्हणजे एक विकला. अशा पावणेदोन विकला. न्यूटनच्या नियमांवरून येणारा आकडा ह्याच्या निम्मा होता. आफ्रिकेजवळील प्रिन्सिपे बेटावर व ब्राझीलमधील सोब्राल येथे इंग्रज ज्योतिर्विदांनी छायाचित्रे घेतली, आणि मोजमापांचा कौल आइन्स्टाइन ह्यांच्या बाजूने पडला. पॉपर ह्यांना ह्या यशापेक्षा त्यातील धोका अधिक महत्त्वाचा वाटला. आकडा चुकता तर उपपत्ती कोसळली असती, आणि तशी कोसळू देण्यास तिचा कर्ता सिद्ध होता.

संक्रांतीच्या वर्षफलात कोठे अतिवृष्टी, कोठे अनावृष्टी असे लिहिलेले असते. ते कधीच खोटे पडत नाही. उद्या दुपारपूर्वी आपल्या गावी पाऊस पडेल, हे विधान मात्र उद्या दुपारी उघडे पडू शकते. म्हणूनच त्यात काही सांगितलेले असते. विज्ञान आणि विज्ञानाचा केवळ आव ह्यांतील भेद पॉपर ह्यांनी ह्या खंडनक्षमतेवर बसविला. अनुकूल उदाहरणे हजार गोळा केली तरी सार्वत्रिक नियम सिद्ध होत नाही; एक प्रतिकूल उदाहरण मात्र त्यास बाध आणते.

निरीक्षणाविषयीचे त्यांचे म्हणणे तर आपल्या निसर्गाभ्यासाच्या तासाशीच जाऊन भिडते. व्हिएन्नातील एका व्याख्यानात त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले : कागद-पेन्सिल घ्या, नीट निरीक्षण करा आणि जे दिसेल ते लिहून काढा. साहजिकच विद्यार्थ्यांनी विचारले, निरीक्षण कशाचे करावयाचे? पॉपर ह्यांना तेच दाखवावयाचे होते. डोळ्यांपुढे पुष्कळ असते. मनात प्रश्न असेल तरच त्यांतले काही पाहिले जाते. मन म्हणजे अनुभव साठविण्याची बादली नव्हे, ते शोधदिव्यासारखे आहे, अशी त्यांची उपमा होती. शेताच्या बांधावर चाळीस मुले उभी करून नुसते पाहा म्हटले तर ती एकमेकांकडेच पाहतील. बांधावरच्या बाभळीची पाने रात्री मिटतात की नाही, असे विचारले की चित्र पालटते.

त्यांचा जर्मन ग्रंथ १९३४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्याचे इंग्रजी रूप निघावयास १९५९ साल उजाडले. पॉपर ह्यांचे घराणे मूळचे ज्यू. नाझी संकट ओळखून ते १९३७ साली न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे अध्यापक म्हणून गेले, आणि पुढच्याच वर्षी हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. १९४६ पासून ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये होते; १९४९ साली तेथेच प्राध्यापक झाले. १९६५ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला, १९६९ साली ते निवृत्त झाले व १७ सप्टेंबर १९९४ रोजी निवर्तले.

त्यांच्या मतावर आक्षेपही आले, आणि माझ्या मते त्यांतील एक वजनदार आहे. शास्त्रज्ञ एका प्रतिकूल निरीक्षणासरशी नियम टाकून देत नाहीत. युरेनस ग्रहाची गती न्यूटनच्या नियमांशी जुळेना, तेव्हा लव्हेरिए ह्यांनी नियम न सोडता पलीकडे आणखी एक ग्रह असावा असे गणित मांडले, आणि १८४६ साली नेपच्यून सापडला. बुधाची गतीही जुळेना, तेव्हा त्यांनीच सूर्याजवळ दुसऱ्या ग्रहाची कल्पना केली. तो ग्रह कधीच सापडला नाही. तेथे खरोखरच न्यूटनचा नियम अपुरा होता, आणि बुधाचे कोडे आइन्स्टाइन ह्यांनी १९१५ साली सोडविले. केव्हा धीर धरावा व केव्हा नियम सोडावा, हे आधी सांगणारे सूत्र नाही. टॉमस कून ह्यांनी १९६२ साली ह्याच अंगाने मोठा वाद उभा केला. पॉपर ह्यांचे उत्तर असे की, धीर अवश्य धरावा; परंतु नवी पुस्ती जोडावयाची ती तपासता येईल अशीच असावी. नेपच्यून दुर्बिणीतून शोधता येत होता, म्हणून ती पुस्ती न्याय्य होती.

आपण वर्गात शिकवितो, पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. कोकणच्या किनाऱ्यावर शंभर वेळा पाणी उकळून हे वाक्य फारसे बळकट होत नाही. ते जेथे मोडण्याचा संभव आहे अशा जागी न्यावे लागते. महाबळेश्वरास तापमापक नेला तर पाणी सुमारे ९५ अंशांसच उकळू लागते. मग नियमात हवेचा दाब येतो, आणि एखादे मूल विचारते : गुरुजी, मग घट्ट झाकणाच्या भांड्यात किती अंशांस उकळेल?