पाच कसोट्या, सहा करंडक

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला निरोप आला तेव्हा विषय दिला होता 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं'. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईला दुसरं काय विचारणार! पण मी आज क्रिकेटवर बोलणार आहे. संयोजकांच्या चेहऱ्यावर काळजी दिसते आहे. त्यांनी निर्धास्त राहावं, बोलता बोलता मी आपल्या निधीवरच येणार आहे.

ज्या माणसाबद्दल बोलायचं आहे त्याचं नाव चंद्रकांत पंडित. मागच्या रांगेतल्या क्रिकेटवेड्यांना ते माहीत आहेत, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. जन्म १९६१चा, मुंबईचा. रमाकांत आचरेकर सरांचे शिष्य. यष्टिरक्षक आणि फलंदाज. १९८६ साली इंग्लंडमध्ये लीड्सला पहिली कसोटी खेळले, तीही निव्वळ फलंदाज म्हणून, कारण यष्ट्यांमागे किरण मोरे होते. पुढे बहुतेक काळ असंच चाललं. १९८७च्या विश्वचषकात वानखेडेवर इंग्लंडविरुद्धची उपांत्य फेरी आठवते? गूच स्वीपवर स्वीप मारत होता ती? वेंगसरकर आजारी पडले म्हणून त्या दिवशी पंडित संघात आले. २४ धावा केल्या आणि भारत हरला. १९९२पर्यंत मिळून कसोट्या पाच आणि एकदिवसीय सामने ३६. बस. आपल्यापैकी कितीजणांच्या भिंतीवर त्यांचं पोस्टर होतं? एकाच्याही नाही.

पण देशांतर्गत क्रिकेटमध्ये हाच माणूस आठ हजारांवर धावा करून बसला. मुंबईकडून खेळला, मग मध्य प्रदेशात गेला, मधे आसामकडूनही खेळला. ज्या संघाला गरज असेल त्याच्याकडे जायचं, भाड्याच्या खोलीत राहायचं, अनोळखी पोरांना आपलं म्हणायचं आणि हंगाम संपला की बॅग भरायची. आमच्या क्षेत्रात याला कॉन्ट्रॅक्टवर काम करणं म्हणतात. मी ते बरीच वर्षं केलं आहे, म्हणून सांगते, या जगण्यात मान कमी असतो पण दिसतं खूप. प्रत्येक टीमच्या खोडी कळतात. कुठे एकाच माणसावर सगळं चालतं, कुठे चूक झाली की लपवतात, कुठे हुशार पोर कोपऱ्यात गप्प बसलेलं असतं. एकाच घरात वाढलेल्याला हे दिसत नाही. त्यात यष्टिरक्षक तर मैदानावरचा प्रत्येक चेंडू पाहणारा माणूस.

एप्रिल १९९९. बंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम, रणजी करंडकाचा अंतिम सामना, कर्नाटक विरुद्ध मध्य प्रदेश. मध्य प्रदेशचे कर्णधार पंडित. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी. म्हणजे सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक मध्य प्रदेशचाच होता. शेवटच्या दिवशी डाव कोसळला आणि ९६ धावांनी हार झाली. त्यानंतर फार काळ ते खेळले नाहीत. खेळाडू म्हणून कथा इथे संपते.

प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि पुन्हा २०१५-१६ मध्ये रणजी करंडक मिळवून दिला. पुढच्याच वर्षी मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली आणि मुंबईने त्यांना ठेवलं नाही. बोलावणं आलं ते आपल्या विदर्भातून.

आता विदर्भ म्हणजे काय होता ते आपल्याला वेगळं सांगायला नको. १९५७पासून रणजी खेळत होतो आणि साठ वर्षांत एकदाही अंतिम फेरी नाही. वलनीच्या खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव २०११ साली कसोटी खेळला, तो विदर्भाचा पहिला कसोटीपटू. जामठ्याला मैदान चकाचक होतं, पोरं मेहनती होती. पण मुंबई-कर्नाटक समोर आले की आपण पहिल्या तासातच मनाने हरायचो. ही सवय क्रिकेटपुरतीच आहे असं मला वाटत नाही. पुण्यात कोणी गाव विचारलं की 'नागपूरजवळ' असं सांगणारे आपणच आहोत ना? नागपूर इथून सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे!

पहिल्याच हंगामात काय घडलं पाहा. डिसेंबर २०१७, ईडन गार्डन्स, उपांत्य सामना, समोर कर्नाटक. आपला पहिला डाव १८५वर आटोपला. आधीचा विदर्भ असता तर तिथेच सामान बांधलं असतं. यांनी दुसऱ्या डावात ३१३ केल्या आणि सामना जिंकला पाच धावांनी. फक्त पाच! सामन्यात बारा बळी घेणारा रजनीश गुरबानी हा नागपूरचा सिव्हिल इंजिनिअर. (टाळ्या वाजवणारे सगळे सिव्हिलवाले दिसतात.) इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने हॅट्‌ट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती इतिहासातली दुसरीच. अक्षय वाडकरने शतक ठोकलं आणि १ जानेवारी २०१८ रोजी फैज फजलच्या संघाने नऊ गड्यांनी करंडक जिंकला. पुढच्या वर्षी जामठ्याला सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून तो राखला. त्यानंतरचा इराणी करंडकही जिंकला आणि बक्षिसाची रक्कम पुलवामाच्या हुतात्म्यांच्या कुटुंबीयांना दिली.

गुरबानीला घडवण्यात गोलंदाजी प्रशिक्षक सुब्रतो बॅनर्जी यांचाही मोठा हात. त्यांच्या नावावर कसोटी किती? एक. सिडनी, १९९२. शेन वॉर्नचीही ती पहिली कसोटी होती. त्यात बॅनर्जींनी तीन बळी घेतले आणि पुन्हा कसोटी संघात आलेच नाहीत. पाच कसोट्यांचा एक आणि एका कसोटीचा दुसरा, अशा दोघांनी मिळून आपल्या पोरांना शिकवलं. ज्यांना सगळं सहज जमलं त्यांना ते कसं जमलं हे बरेचदा सांगता येत नाही. ज्यांनी एकेक धाव खरवडून काढली त्यांना पायरीन् पायरी पाठ असते.

मघाशी चहाच्या वेळी एकाने म्हटलंच, "अगं, पण पंडित बाहेरचे, वसीम जाफर बाहेरचा, गणेश सतीश बाहेरचा. यात विदर्भाचं काय?" प्रश्न रास्त आहे. जाफरने दुसऱ्या वर्षी हजारांवर धावा काढल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पंडित २०२०मध्ये गेले, त्यानंतरचं पाहा. मार्च २०२५मध्ये विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी जिंकला. प्रशिक्षक उस्मान गनी, आपल्याच संघातून खेळलेले. कर्णधार अक्षय वाडकर, तोच इंदूरचा शतकवीर. नागपूरच्या दानिश मालेवारने अंतिम सामन्यात १५३ केल्या, हर्ष दुबेने हंगामात ६९ बळी घेतले. दुसऱ्या डावातलं शतक मात्र कर्नाटकातून आलेल्या करुण नायरचं, आणि समोर केरळकडून कोण खेळत होता? आपला आदित्य सरवटे, ज्याने २०१९च्या अंतिम सामन्यात आपल्यासाठी अकरा बळी घेतले होते! आता आपणही खेळाडू बाहेर पाठवतो.

पंडितांचं सगळंच मला पटतं असं नाही. त्यांची शिस्त लष्करी आहे. पुढे ते कोलकाता नाइट रायडर्सचे प्रशिक्षक झाले, २०२४ साली आयपीएलही जिंकली, पण तिथल्या काही परदेशी खेळाडूंना ती पद्धत रुचली नव्हती, असं डेव्हिड वीसने नंतर उघडपणे सांगितलं. मोठ्या माणसांनी किती वाजता झोपावं हे प्रशिक्षकाने ठरवावं का? माझ्या टीमला मी तसं वागवलं तर सोमवारी तीन राजीनामे येतील. पण अठरा-वीस वर्षांच्या, ज्याला आजवर कोणी गंभीरपणे घेतलेलंच नाही अशा मुलाला कुणीतरी आपल्याकडून इतकी मोठी अपेक्षा ठेवतंय, हेच नवीन असतं.

आणि २०२२. विदर्भानंतर ते परत मध्य प्रदेशात गेले. अंतिम सामना पुन्हा चिन्नास्वामीवर, समोर मुंबई. मध्य प्रदेश सहा गड्यांनी जिंकला. मध्य प्रदेशचा हा पहिलाच रणजी करंडक आणि पंडितांचा प्रशिक्षक म्हणून सहावा. तेवीस वर्षांनी त्याच मैदानावर हा कडक माणूस सर्वांसमोर रडला. आपल्यापैकी निम्म्यांचे मामा बालाघाटचे, तेव्हा नदीच्या दोन्ही काठांना पेढे यांच्यामुळेच वाटले गेले म्हणायचे.

त्या दिवशी हरलेल्या मुंबईचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार, तेही आचरेकर सरांचेच. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा आणि भारताकडून एकही सामना नाही. शेवटी शेवटी आसाम आणि आंध्रकडून खेळले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचे प्रशिक्षक हेच होते.

मुलींचा विषय निघालाच आहे तर निधीवर येते. आपल्या बॅचचा प्रस्ताव डिजिटल वर्गाचा आहे आणि सगळ्यांना वाटतं की मी त्याच्या बाजूने बोलणार. माझा विरोध नाही. पण पडद्यांची आणि संगणकांची पाच वर्षांत काय अवस्था होते, हे या मांडवात माझ्याइतकं कोणाला माहीत नसेल. काल मी शाळेत फिरले. क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी आहे. खो-खोचे खांब आहेत, पण एक वाकला आहे. पाचवीच्या मुली मधल्या सुट्टीत आपापल्या खेळत होत्या, आणि त्यातली एक इतकी सुंदर सूर मारत होती की मी तिथेच उभी राहिले. तिला शिकवणारं कोणी नाही.

म्हणून माझा प्रस्ताव असा: निम्म्या निधीतून तीन वर्षं एका प्रशिक्षकाला मानधन द्यावं. नावाजलेला खेळाडू नको. जिल्हा किंवा विद्यापीठ पातळीवर खेळून थांबलेला, नोकरीच्या शोधात असलेला कोणीतरी आपल्या गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरीत नक्की असेल. बाई मिळाल्या तर फारच छान. रोज संध्याकाळी दोन तास आणि मुलींची वेळ वेगळी ठेवू नये एवढीच अट. कुणाला अशी व्यक्ती माहीत असेल तर जेवणाआधी मला भेटा. पहिल्या वर्षाच्या मानधनाचा माझा वाटा मी खजिनदारांकडे सकाळीच दिला आहे. मतदान दुपारी अडीचला आहे, आणि वाकलेला खांब सरळ करायला मतदानाची वाट पाहायची गरज नाही. वेल्डिंगचं दुकान असलेले आपल्या वर्गातले एक गृहस्थ समोरच बसले आहेत.