शेडनेटमधला टोमॅटो लाल का होईना?

चैत्र लागला की कुर्डुवाडीच्या आसपासच्या गटांकडून एकच तक्रार यायला लागते. शेडनेटमध्ये टोमॅटो भरपूर लागलाय, फळ चांगलं फुगलंय, पण लाल काही होईना. देठाजवळ पिवळं, मध्ये नारिंगी, खाली कुठंतरी लाली. व्यापारी कॅरेटमध्ये डोकावतो आणि मान हलवतो. आमच्या गटाचं १० गुंठ्यांचं शेडनेट बँकेच्या कर्जावर उभं आहे, आणि हप्त्याची तारीख काही टोमॅटोची वाट बघत थांबत नाही.

मागच्या उन्हाळ्यात आमच्यावर ही वेळ आली तेव्हा बैठकीत तीन मतं पडली. एकजण म्हणाली, हा व्हायरस आहे, उपटून टाका. दुसरी औषधाच्या दुकानातून तीन बाटल्यांची चिठ्ठी घेऊन आली होती. तिसरीनं दबक्या आवाजात कार्बाइडचं नाव काढलं. त्या दिवशी आम्ही काहीच ठरवलं नाही. आधी फळाच्या उंचीवर एक तापमापक टांगला. दुपारी दोन वाजता बाहेर ४१ अंश आणि आत ४३! वरची जाळी ऊन अडवते हे खरं, पण पांढरी माशी येऊ नये म्हणून बाजूंना बारीक जाळी लावलेली असते, ती वाराही अडवते. वारा खेळला नाही की उष्णता आतच कोंडते.

टोमॅटोला लाल करणारा रंग म्हणजे लायकोपीन. तो २० ते २५ अंशाला चांगला तयार होतो. ३० च्या वर त्याचा वेग मंदावतो आणि पुढे तर तो जवळजवळ थांबतो. पिवळा रंग देणारं कॅरोटीन मात्र त्या उन्हातही तयार होत राहतं. म्हणून फळ पिकतं, मऊ पडतं, पण पिवळंच दिसतं. थेट ऊन लागलेलं फळ तर हवेपेक्षाही जास्त तापतं. त्यामुळं उन्हाळ्यात खालची पानं काढायची हौस आवरा. तीच फळांची सावली आहे.

आता व्हायरसचं. २०२० साली, लॉकडाऊनच्या ऐन काळात, संगमनेर, अकोले, जुन्नर भागात टोमॅटो असाच रंगीबेरंगी पिकला. लोकांनी त्याला ‘तिरंगा’ नाव दिलं. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत नमुने तपासले, तेव्हा त्यात प्रामुख्यानं काकडीवरचा मोझॅक विषाणू सापडला. हा विषाणू मावा पसरवतो. पण तोवर टोमॅटो खाल्ला तर माणसाला रोग होतो अशी अफवा उठली होती. झाडाचे असे विषाणू माणसाला बाधत नाहीत, पण अफवेनं शेतकऱ्याचं नुकसान व्हायचं ते झालंच.

मग आपल्या प्लॉटमध्ये काय आहे, हे कसं ओळखायचं? पानं बघा. विषाणू असेल तर शेंड्याची पानं आखडतात, बारीक होतात, हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांची नक्षी दिसते, फळावर डाग किंवा वळ्या उठतात. बहुतेक वेळा आधी चार-दोन झाडं दिसतात, मग वाढत जातं. पानं टवटवीत आहेत आणि सगळ्या प्लॉटमध्ये एकसारखंच पिवळं फळ आहे, तर उन्हावर संशय घ्या. पानाची मागची बाजूही उलटून बघा. पांढऱ्या माशीची पिल्लं रस शोषतात तेव्हाही फळावर पिवळे पट्टे राहतात. आमच्याकडं पानं स्वच्छ होती. उपटायचा विषय तिथंच संपला.

फळ कापल्यावर आतली भिंत पांढरी, कडक निघाली तर पालाश कमी पडतंय का ते तपासा. आपल्या सोलापुरी काळ्या रानात चुनखडी जास्त. माती परीक्षणात पालाश भरपूर दिसतं, पण कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या गर्दीत मुळांना ते पुरेसं मिळत नाही. फळधारणा झाली की युरियाचा हात आखडता घ्या आणि ०:०:५० ठिबकमधून थोडं थोडं द्या. एकदम ओतू नका.

खरं सांगायचं तर एप्रिल-मे मध्ये आपल्या भागात झाडावर लालभडक टोमॅटो आणणं अवघडच आहे. बाजूचे पडदे सकाळ-संध्याकाळ उघडून थोडा फरक पडतो, तेवढंच. आम्ही दुसरी वाट धरली. फळाच्या टोकाला गुलाबी छटा आली की तोडायचं आणि थंड जागी पिकवायचं. पत्र्याची खोली नको, ती तर भट्टीच. विटांची दुहेरी भिंत रचली, मधल्या फटीत वाळू भरली, वाळू सकाळ-संध्याकाळ ओली केली, वर ओलं गोणपाट टाकलं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं काढलेली ही शीतकक्षाची पद्धत आहे. वीज लागत नाही, आणि आपली हवा कोरडी म्हणून गारवा चांगला धरतो. कॅरेटमध्ये करमाळ्याकडची दोन-चार पिकली केळी ठेवली. केळ्यातून इथिलीन वायू निघतो, त्यानं टोमॅटो पिकायला मदत होते. पाच-सहा दिवसांत बराच माल विकण्याजोगा झाला. ज्यांचे खांदे आधीच पिवळे पडले होते, ती फळं मात्र तशीच राहिली. ती आम्ही कुर्डुवाडीच्या बाजारात बसून भाव कमी करून विकली. हप्ता भरला, पण हातात फारसं उरलं नाही.

अगदी हिरवं फळ तोडायची वेळ आली तर आधी एक कापून बघा. सुरीखाली बी कापलं गेलं तर फळ अजून कोवळं. बी गरात निसटलं तर ते पिकेल. आणि हिरवा टोमॅटो फ्रिजमध्ये नको. १२ अंशांच्या खाली त्याची पिकण्याची ताकदच मोडते.

कार्बाइडला आम्ही बैठकीतच नाही म्हटलं. त्यानं फळं पिकवायला कायद्यानं बंदी आहे. त्यात आर्सेनिकचा अंश असू शकतो, आणि हे टोमॅटो आपल्याच लेकरांच्या ताटात जाणार.

यंदा आम्ही लागवडच सप्टेंबरात उरकली, म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंत बहुतेक तोडे संपतील. थंडीत वरची जाळी गुंडाळून ठेवली, कारण त्या दिवसांत उजेड कमी पडला तरी रंग नीट धरत नाही.

तरी शंका राहिली तर मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना न्या. फांदी पानं-फळांसकट सकाळी तोडा आणि कागदात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, मोहोळपर्यंत जाईस्तोवर तिला घाम फुटतो. सोबत शेवटची फवारणी कशाची आणि कधी केली, तेही लिहून न्या.